शेवटच्या माणसालाही दम खाऊ द्या

ट्रेकिंग क्लबांवरच्या तुमच्या लेखात म्हटलंय की नवख्यांना अशा क्लबात परकं वाटतं. अगदी खरं. पंचावन्नाव्या वर्षी मी पहिल्यांदा आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढले. पुढची मंडळी थांबायची, मी धापा टाकत पोचले की लगेच "चला!" म्हणजे विश्रांती त्यांना, मला नाहीच. वर पोचल्यावर रडूच आलं होतं.

पुढच्या खेपेला दुसऱ्या गटासोबत नाणेघाटात गेले. तिथल्या ताईंनी मला सगळ्यांच्या पुढे चालवलं, माझ्या चालीने सगळे आले. निघण्याआधी बायकांसाठी आडोसा कुठे मिळेल तेही सांगितलं. हे कुणी सांगत नाही हो! गुहेतला सातवाहनकालीन ब्राह्मी शिलालेख, त्यातलं सातवाहन राणी नागनिकेचं नाव, जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण, सगळं निवांत बघता आलं. दोन हजार वर्षांपूर्वी व्यापारी याच घाटाने कोकणातून जुन्नरला चढत होते, हे ऐकून अंगावर काटा आला.

२०२५ मध्ये राजगड, लोहगड, शिवनेरी जागतिक वारशात गेले. आता नवखे आणखी येतील. क्लबांनी महिन्यातून एक तरी संथ चालीचा ट्रेक ठेवावा. मी सगळ्यात मागे चालायला तयार आहे.