मोबाइलचा उपवास

ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात प्रत्येकाने आपल्या आवडीची एखादी गोष्ट सोडावी अशी आम्हा कॅथलिकांची रीत आहे आणि काय सोडले ते चारचौघांत सांगत फिरू नये अशीही रीत आहे. यांपैकी पहिली रीत मी वर्षानुवर्षे पाळत आलो आहे. दुसरी मला कधीच जमली नाही. त्यामुळे 26 फेब्रुवारी 2020 रोजी, राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, कपाळावरची राख पुसली जायच्या आत मी शिक्षकांच्या खोलीत जाहीर करून टाकले की, यंदा ईस्टरपर्यंत मी मोबाइल सोडला आहे. फोन आला तर तेवढा घेईन, परंतु व्हॉट्सअॅप, व्हिडिओ आणि रोज सकाळी येणारी सुप्रभाताची फुले यांच्याशी माझा संबंध संपला. चित्रकलेच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. खेळाच्या सरांनी, "फोनला तरी विश्रांती मिळेल," असे म्हटले, ते मी मनावर घेतले नाही.

इथे एक खुलासा करायला हवा. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत मोजले तर दिवस 46 भरतात. चाळीसचा हिशोब लागतो तो मधले सहा रविवार वगळल्यावर, कारण रविवार हा प्रभूच्या पुनरुत्थानाचा दिवस असल्याने त्या दिवशी उपवास धरत नाहीत. ही सवलत ज्याने कोणी दिली त्याला मी मनोमन दुवा देत असे आणि शनिवारी रात्री बारा वाजून एक मिनिटाने उशीखालून मोबाइल काढत असे. मांसाहारही मी सोडलाच होता, पण त्यात माझ्या पुण्यापेक्षा सवयीचा भाग मोठा. त्या वर्षी मात्र ती सवय जड गेली. कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो अशी अफवा उठली आणि एरवी भाव विचारायलाही भीती वाटावी ती कोंबडी मातीमोल झाली, तीही नेमकी आमच्या उपवासकाळात. नाशिकरोडच्या बाजारातून रिकामी पिशवी घेऊन परत येताना सैतान माणसाला कशाकशाने मोहात पाडतो, याचा मला पुरेपूर अनुभव आला.

उपवासकाळाचा आणखी एक नियम पुढच्या हकिकतीसाठी सांगून ठेवतो. या दिवसांत चर्चमध्ये 'आलेलुया' हा शब्द म्हणत नाहीत. तो आनंदाचा घोष आहे. तो थेट ईस्टरच्या आदल्या रात्रीच्या जागरणाच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, घंटा वाजल्यानंतर कानी पडायचा. आमच्या घरात माझी आई हा नियम चर्चपेक्षा कडक राबवते. तिच्या बटणांच्या फोनची रिंग 'आलेलुया'च्या चालीची आहे. राखेच्या बुधवारी आमची थोरली ती बदलून साधी ट्रिंग-ट्रिंग लावून देते आणि ईस्टरला पुन्हा मूळ चाल बसवते.

असा माझा उपवास सुरळीत चालला असताना मार्च उजाडला. 20 मार्चला पहिली ते आठवीच्या परीक्षा रद्द झाल्या, 22 ला जनता कर्फ्यू झाला, 24 च्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली आणि 25 तारखेला गुढीपाडवा, देवदूताने मरियेला दिलेल्या निरोपाचा आमचा सण आणि टाळेबंदीचा पहिला दिवस असे तिन्ही एकत्र आले. निरोप मलाही आला. तो देवदूताकडून नव्हता, प्राचार्या सिस्टरांकडून होता.

"सर, उद्यापासून वर्ग मोबाइलवर घ्यायचे आहेत."

"सिस्टर, माझा उपवास आहे."

"मग? जेवून घ्या आणि वर्ग घ्या."

"जेवणाचा नाही, सिस्टर. मोबाइलचा."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग अत्यंत मृदू आवाजात सिस्टर म्हणाल्या, "सर, मी तीन व्रते घेतली आहेत. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. पहिली दोन मी तुमच्याकडे मागत नाही. तिसरे उद्या सकाळी नऊपासून पाळा."

मी धर्मगुरूंकडे दाद मागायचे ठरवले. त्या दिवसांत कोणालाही फोन लावला की, आधी एक अनोळखी इसम खोकत असे आणि मग हात धुण्याविषयी सूचना येत असत. ते ऐकून झाल्यावर फादर आले. माझी कैफियत ऐकून ते मनापासून हसले. "उपवास मोडू नका, बदला," ते म्हणाले. "आतापर्यंत मोबाइल सोडणे हे तुमचे प्रायश्चित्त होते. आता मोबाइल धरणे हे प्रायश्चित्त समजा." त्या वेळी मला हा विनोद वाटला.

मी आमच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता तांदळाच्या डब्यावर साखरेचा डबा आणि त्यावर मोबाइल टेकवून मी सातवीच्या वर्गाला सामोरा गेलो. पटावर मुले त्रेचाळीस. मला दिसले ते त्रेचाळीस पंखे. मुलांनी मोबाइल जमिनीवर उताणे ठेवले होते आणि मधूनच एखादे कपाळ पडद्याच्या कडेने उगवून मावळत होते. मी नेहमीच्या सवयीने "शांत बसा" असे ओरडलो. ते कोणालाच ऐकू गेले नाही, कारण माझा आवाज बंद होता. मुलांचे आवाज मात्र सगळे चालू होते आणि त्यांच्या मागे कुकरच्या शिट्ट्या, एक पोपट, तसेच "त्या मास्तरला विचार ना फी कमी होणार का" असे म्हणणारे एक वडील होते. ते वडील कोणाचे, हे मला आजतागायत कळलेले नाही, पण आवाज ओळखीचा वाटतो.

माझी सुटका शेजारच्या मुलाने केली. तो याच वर्गात होता आणि आमच्या दोघांच्या स्वयंपाकघराच्या खिडक्या समोरासमोर आहेत. त्याने खिडकीतून ओरडून सांगितले, "सर, खालचा लाल माइक दाबा!" मी दाबला. मग त्याने सर्वांचे आवाज एकदम कसे बंद करायचे तेही शिकवले. मी ते बटण दाबताच त्रेचाळीस घरे एका क्षणात मूक झाली. इतक्या वर्षांत घसा फोडून जे साधले नव्हते ते अंगठ्याने साधले आणि तरीही, खरे सांगतो, मला अतिशय एकटे वाटले. मी चटकन सगळ्यांचे आवाज पुन्हा चालू केले. पोपट तेव्हा "आई, दूध" म्हणत होता.

परीक्षाच नाहीत तर शिकवायचे काय, असे मी विचारले तेव्हा सिस्टरांनी मला मोठ्या संकटात लोटले. आमच्या शाळेत दरवर्षी झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारच्या, आधीच्या शुक्रवारी क्रूसाची वाट होते. प्रभूच्या मरणवाटेवरच्या चौदा प्रसंगांची, म्हणजे स्थानांची, ही प्रार्थना. मैदानाच्या कुंपणालगतच्या चौदा झाडांना चौदा स्थानांची चित्रे लावतात आणि मुले प्रार्थना म्हणत एका झाडाकडून दुसऱ्याकडे जातात. कॅथलिक मुले असतातच, पण बाकीचीही हौसेने येतात, कारण त्या दिवशी शेवटचे दोन तास होत नाहीत. "यंदा चौदा घरांतून चौदा स्थाने," सिस्टर म्हणाल्या. "प्रत्येक घर एक चित्र काढील, एक प्रार्थना वाचील. सूत्रसंचालन तुम्ही."

3 एप्रिलला, रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी पाच वाजता आम्ही निघालो. म्हणजे सगळे आपापल्या घरीच बसलो. परीक्षा रद्द झाल्यावर बरीच मुले गावी निघून गेली होती. आमचा नाशिक धर्मप्रांत 1987 साली पुण्यापासून वेगळा झाला, तेव्हा त्यात अहमदनगर जिल्हाही आला, आणि आमच्या कित्येक कुटुंबांची मुळे तिकडेच आहेत. त्यामुळे चौथे स्थान, येशूची व त्याच्या आईची भेट, श्रीरामपूर तालुक्यातल्या एका पाण्याच्या टाकीवरून वाचले गेले, कारण वाचणाऱ्या मुलीला नेटवर्क तिथेच मिळत होते. खाली तिची आई, "अगं, खाली उतर, पडशील!" असे म्हणत उभी होती आणि दोघींचे आवाज आम्हाला एकत्र ऐकू येत होते. त्या स्थानाला इतकी समर्पक पार्श्वभूमी मी आजवर कोणत्याही चर्चमध्ये ऐकलेली नाही.

प्रत्येक स्थानापाशी वाचकाने एक वाक्य म्हणायचे आणि सर्वांनी एकसुरात उत्तर द्यायचे, अशी पद्धत आहे. एकसूर हा शब्द आम्ही त्या दिवशी विसरलो. साठ घरांतून साठ वेगवेगळ्या वेळी उत्तर येई. काही उत्तरे तर पुढच्या स्थानाचा प्रश्न संपल्यावर मागच्या स्थानाला पोचत. क्रूसाच्या वाटेवर प्रभू तीनदा पडतो, तिसऱ्या, सातव्या आणि नवव्या स्थानी. आमचे नेटवर्क पाचव्या स्थानापर्यंतच चारदा पडले होते. पाचव्या स्थानी शिमोन कुरेनेकर प्रभूचा क्रूस उचलायला मदत करतो, हे वाचत असतानाच माझा साखरेचा डबा घसरला. मोबाइल पिठाच्या परातीत पडला आणि समोरच्या खिडकीतला माझा शिमोन, "सर, मीटिंग माझ्याकडे द्या!" असे ओरडत उभा राहिला. ती कशी देतात हे त्याने मला खिडकीतूनच सांगितले. पीठ पुसून मी पडद्यावर परतलो तेव्हा पडद्यावरचे सगळेच चेहरे धुक्यात गेल्यासारखे दिसत होते.

पंचवटीतल्या एका मुलाची आजी मात्र पहिल्यापासून हात जोडून, पापणी न हलवता बसली होती. तिला बघून मला धीर आला. नंतर कळले की, तिचे चित्र मघाशीच गोठले होते.

ते फुकटचे अॅप चाळीस मिनिटांनी आपोआप बंद होते, हे मला कोणी सांगितले नव्हते. इस्राएल लोक चाळीस वर्षे रानात भटकले, नोहाच्या काळी चाळीस दिवस पाऊस पडला, प्रभूने चाळीस दिवस उपवास केला. मोबाइलवाल्यांनीही चाळिसाचाच आकडा का धरावा? नवव्या स्थानी मीटिंग संपली. पुन्हा सगळ्यांना बोलावून गोळा करेपर्यंत पंधरा मिनिटे गेली. मी दहावे स्थान पुकारले आणि एका मुलाने नववेच पुन्हा वाचायला घेतले. हे माझ्या लक्षातही आले नसते, पण माझ्या शिमोनाचे आजोबा त्याच्यामागे खुर्चीवर बसले होते. त्यांचा सगळा जन्म इथल्या नोटांच्या प्रेसमध्ये छापील नोटांतले दोष शोधण्यात गेला आहे. जात्याच चुका दिसणारी ती नजर. ते शांतपणे म्हणाले, "मास्तर, नऊ नंबर डबल आलाय. दहा गायब आहे." पाहतो तर खरेच दोन घरांनी नववे चित्र काढले होते. वाटणी मीच केली होती. दहावे स्थान शेवटी आजोबांनीच वाचले. ते वारकरी आहेत. पण त्यांच्याइतके स्वच्छ वाचन त्या दिवशी कोणाचेही झाले नाही.

झावळ्यांचा रविवार 5 एप्रिलला आला. झावळ्या कुठून आणायच्या? मुलांनी कढीपत्ता, शेवगा, कोथिंबिरीची जुडी, जे हाती लागले ते पडद्यापुढे हलवले. दिंडोरीकडच्या एका मुलाने द्राक्षाचा वेल धरला होता. त्याच्या मागे काढलेल्या द्राक्षांचे क्रेट एकावर एक रचलेले होते आणि त्याचे वडील त्यांच्याकडे पाठ करून बसले होते. त्याच रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे दिवे लावायचे होते. सौभाग्यवतींनी ईस्टरच्या जागरणासाठी जपून ठेवलेल्या मेणबत्त्या आईने उत्साहाने गॅलरीत लावून टाकल्या. दुकाने बंद. उरली ती अंगठ्याएवढी थोटके.

पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी यंदा करू नये असा रोमहून आदेश होता. आम्ही आधीच दिवसाला वीस वेळा हात धूत होतो. या गुरुवारच्या मिस्सेपासून जागरणापर्यंत चर्चच्या घंटा मुक्या असतात. माझा मोबाइल मात्र मुका नव्हता. शनिवारी, म्हणजे माझ्या मूळ उपवासाच्या शेवटच्या दिवशी, वर्गातल्या मुलांनी ईस्टरच्या शुभेच्छांचे व्हिडिओ पाठवायला सुरुवात केली. सिस्टरांनीच सांगितले होते. एकूण व्हिडिओ 38. ते एकामागून एक आपोआप उतरत गेले.

रात्री आम्ही पाचही जण मोबाइलसमोर थोटके घेऊन बसलो. दीपविधी झाला, वाचने झाली. आई पुढे सरकून बसली, कारण आता घंटा वाजणार होत्या आणि मग तो शब्द येणार होता. फादरांनी मान वर केली, तोंड उघडले आणि तसेच राहिले. पडद्याच्या मध्यभागी एक गोल फिरू लागला. दिवसाचा डेटा संपला होता.

"काय झालं रे?" आईने विचारले.

"व्हिडिओंनी सगळा डेटा खाल्ला, आई."

"मग आलेलुया?"

धाकटा आपणच म्हणायला निघाला होता, पण आईने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिले की, त्याने थोटक्यावर फुंकर मारल्यासारखे दाखवले. चर्चमधून आला नाही तो शब्द घरात कसा येणार? मध्यरात्री बारा वाजता डेटा परत आला. त्यासाठी मला जो शब्द सुचला तो मी इथे लिहीत नाही. पण तोवर मिस्सा संपली होती आणि आई झोपली होती.

ईस्टरच्या सकाळी उपवास संपला. ज्या क्षणाची मी चाळीस दिवस वाट पाहिली होती तो क्षण आला आणि मी मोबाइल बंद करून कपाटात, साड्यांच्या खाली ठेवून दिला. घरात दोन आठवड्यांनी शांतता झाली, म्हणजे थोरलीचे पाठांतर तेवढे ऐकू येत होते. ती दहावीला. 23 मार्चला तिचा भूगोलाचा पेपर होता. तो आधी पुढे ढकलला, मग पुढे काय ते कोणीच सांगेना. दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे. त्यामुळे पोर तीन आठवडे रोज सकाळी उठून अॅमेझॉनचे खोरे, कॉफीचे मळे आणि रिओ दि जानेरोची लोकसंख्या घोकत होती. माझ्या आईलाही त्यातले निम्मे पाठ झाले होते.

त्याच दिवशी, 12 एप्रिलला, दूरदर्शन संचावर बातमी झळकली की, दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द करण्यात आला आहे. थोरलीने पुस्तक पलंगावर भिरकावले आणि सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात ती ओरडली, "आलेलुया!"

स्वयंपाकघरातून आईने कपाळ, छाती, डावा खांदा, उजवा खांदा अशी पिठाच्या हाताने क्रूसाची खूण केली आणि तितक्याच मोठ्याने प्रतिसाद दिला, "आलेलुया, आलेलुया!" मग हात पुसत ती बाहेर आली.

"आली का ग मिस्सा?"

"नाही आजी," थोरली म्हणाली. "ब्राझील गेला."