‘रजिस्टर्ड’ म्हणजे नेमकं काय हो?

पावसाळ्यात आमच्या सिंकखालचं शटर फुगलं. पुरी फुगते तसं. बडोद्यात मांजलपूरच्या नव्या फ्लॅटमध्ये येऊन जेमतेम दहा महिने झाले होते. ज्याने किचन केलं त्याच्या कोटेशनमध्ये ‘मरीन प्लाय ७१०’ असं ठसठशीत लिहिलेलं होतं. शटर उतरवलं, कडेची पट्टी सोलली, तर आतला थर पापडासारखा हातात आला.

७१० म्हणजे आयएस ७१०, ओलाव्यात टिकणाऱ्या प्लायचं भारतीय मानक. साध्या प्लायचं ३०३. हा शिक्का अख्ख्या शीटवर असतो. एकदा तुकडे कापून वर सनमायका चिकटला की तो कुणाच्या बापाला दिसत नाही. म्हणून शीट टेम्पोतून उतरते तेव्हाच बघायची आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा. हे शहाणपण मला दहा महिने उशिरा आलं.

त्याचं व्हिजिटिंग कार्ड अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. ‘गव्हर्नमेंट रजिस्टर्ड फर्निचर अँड इंटिरियर कॉन्ट्रॅक्टर’. त्या एका शब्दावर मी भुलले. काम २,८०,००० रुपयांचं आणि त्यातले १,७०,००० त्याने पहिला खिळा ठोकायच्या आधी घेतले. मी ३४ वर्षं बँकेत नोकरी केली आहे. लोकांचे कागद उलटेसुलटे करून बघणं हेच माझं काम होतं. हसा, माझे भाऊ-वहिनी अजून हसताहेत.

शटर फुगल्यावर फोन केला तर म्हणे, ‘बेन, चिंता ना करो, थई जशे.’ चार वेळा ‘थई जशे’ झालं, पाचव्या वेळी फोन लागला नाही. मग मी बँकेतली जुनी सवय काढली आणि शोध घेतला, हा गृहस्थ रजिस्टर्ड तरी कुठे आहे? जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला, नोंदणी रद्द झालेली. राहता राहिलं उद्यमचं सर्टिफिकेट. ते खरं निघालं. पण उद्यम म्हणजे काय, तर १ जुलै २०२० पासून सुरू झालेली लघुउद्योगांची नोंदणी. आधार नंबर घाला, स्वतःची माहिती स्वतःच भरा, फी शून्य. मी लोणच्याचा धंदा करते म्हणून आज रात्री बसले तर मलाही मिळेल. तुम्हाला सुतारकाम येतं का, हे कुणी विचारत नाही. विचारायचा त्या नोंदणीचा उद्देशच नाही.

आपल्याकडे अशा बऱ्याच नोंदण्या आहेत, आणि प्रत्येक वेगळ्याच कारणासाठी. गुमास्ताधारा, म्हणजे दुकानांच्या कायद्याची नोंदणी, दुकानासाठी, त्यातही थोडी माणसं असली तर नुसतं कळवलं की झालं. व्यवसाय वेरो, म्हणजे व्यवसाय कर, महानगरपालिका म्हणजे कॉर्पोरेशन घेतं. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांवर गेली की जीएसटी. सरकारी कामं घ्यायची तर मार्ग-मकान विभागात, म्हणजे गुजरातच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात, ठेकेदार म्हणून वर्ग मिळवावा लागतो, आणि तिथे खरोखरच आधीची कामं आणि ऐपत बघतात. यातला एकही कागद तुमच्या-माझ्या घरात येऊन कपाट करणाऱ्याला ‘तुला हे येतं का आणि बिघडलं तर जबाबदार कोण’ असं विचारत नाही. बिल्डर निदान रेराच्या, म्हणजे घर घेणाऱ्यांसाठीच्या कायद्यात आहे, बांधकामातल्या दोषाला ताबा दिल्यापासून ५ वर्षं बांधील. पण किल्ल्या हातात आल्यावर तुम्ही जो इंटिरियरवाला आणता, तो त्या कायद्याच्या उंबऱ्याबाहेर.

गंमत बघा. झाडाचं खोड चिरायला सॉ मिलला वनखात्याचं लायसन्स लागतं, आणि सुप्रीम कोर्टाच्या जंगलांबाबतच्या गोदावर्मन खटल्यापासून तर ते फारच कडक झालं. घरात विजेचं कनेक्शन घ्यायचं तर लायसन्सवाल्या इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरची टेस्ट रिपोर्टवर सही लागते. मधला जो, चिरलेल्या लाकडाला आकार देऊन विजेच्या बोर्डाशेजारी कपाट उभं करणारा, त्याला काहीच नाही.

तर मुद्दा असा. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मी हे सगळं टाकल्यावर एकच गिल्ला झाला. ‘सगळ्या सुतारांना लायसन्स कंपल्सरी करा!’ माझ्या भाच्याने तर सॅन होजेहून व्हॉइस मेसेज पाठवला, ‘आत्या, इकडे असं होऊच शकत नाही.’ मी त्याला म्हटलं, नीट सांग काय आहे ते. त्याने सांगितलं आणि मीही वाचलं. कॅलिफोर्नियात कॉन्ट्रॅक्टरांचं लायसन्स बोर्ड आहे, १९२९ पासूनचं. सुतारकामातही दोन वेगळे वर्ग. घराचा लाकडी सांगाडा उभा करणाऱ्याला सी-५ आणि कपाटं, फिनिशिंग करणाऱ्याला सी-६. कुशल कारागीर म्हणून ४ वर्षांचा अनुभव, दोन परीक्षा, २५,००० डॉलरचा हमीचा बाँड. १,००० डॉलरच्या आतलं किरकोळ काम काही अटींवर त्यातून मोकळं. लायसन्सचा नंबर जाहिरातीत छापावाच लागतो आणि कुणीही तो नेटवर तपासू शकतं.

पण तीच अमेरिका टेक्सासमध्ये राज्यपातळीवर सुताराला काहीही विचारत नाही. आणि पेनसिल्व्हेनियात परीक्षा नाही, फक्त नोंदणी आहे. घरदुरुस्तीची कामं घेणाऱ्याने अ‍ॅटर्नी जनरलच्या ऑफिसात नाव नोंदवायचं, विमा दाखवायचा आणि करार लेखी करायचा. म्हणजे लायसन्स वेगळं, नोंदणी वेगळी. लायसन्स म्हणतं ‘याला येतं’, नोंदणी म्हणते ‘हा इथे सापडेल’. ग्रुपवरचे अर्धे लोक या दोन्हींची खिचडी करत होते. मला विचाराल तर माझा किचनवाला काम येत नव्हतं म्हणून नाही, सापडत नव्हता म्हणून बुडवून गेला. काम त्याने स्वतः केलंच नव्हतं! राजस्थानची चार पोरं ठेवली होती, हात सोन्याचे. त्यांना प्लाय दिलं तेच हलकं, ती काय करणार? त्यांची मजुरीही त्याने थकवली, हे मला नंतर त्यातल्याच एकाने फोनवर सांगितलं.

म्हणून मी ‘सुतारांना लायसन्स’च्या विरोधात आहे. बडोद्याच्या वाडी भागात राहणारे आमचे मिस्त्रीकाका डोळ्यांसमोर आणा. वय ६८. माझ्या बाबांच्या दांडिया बाजारच्या घरातलं सागवानी कपाट त्यांच्या हातचं, ते अजून माझ्या बेडरूममध्ये आहे आणि त्याचं दार अजून एका बोटाने मिटतं. काकांकडे कागद कोणता? बांधकाम कामगारांच्या १९९६ च्या कायद्याचं कार्ड १८ ते ६० वयापर्यंत मिळतं, वर्षात ९० दिवस कामाचा दाखला दाखवला तर. ते वय गेलं. दोन वर्षांपूर्वी मुलाने त्यांचं नाव केंद्र सरकारच्या कारागिरांसाठीच्या विश्वकर्मा योजनेत घातलं. तिच्यातल्या १८ धंद्यांत पहिलं नाव सुताराचंच आहे. पाच-सात दिवसांचं ट्रेनिंग, रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० आणि ओळखपत्र. काका ट्रेनिंगला जाऊन आले आणि सांगत होते, ‘बेन, बावीस वर्षांच्या पोराने मला रंधा कसा धरायचा ते शिकवलं. चांगला पोरगा होता, मी शिकलो.’ ५०० रुपये रोज मिळत असतील तर शिकायला हरकत काय, असा त्यांचा हिशोब.

आता याच माणसाला उद्या ऑनलाइन परीक्षा, फॉर्म, फी आणि दर वर्षाचं नूतनीकरण लावा. पहिले बाद होतील ते काका. आणि पहिला पास होईल तो माझा किचनवाला, कारण फॉर्म भरण्यात तो तरबेज आहे.

मी बडोद्याची, त्यामुळे हे लिहिताना कलाभवन आठवल्याशिवाय राहत नाही. १८९० साली सयाजीराव महाराजांनी ते काढलं, पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर. गज्जर म्हणजे सुतारांचंच आडनाव. हाताच्या कसबाला शाळा असावी, हे या गावाला तेव्हा सुचलं होतं. आज आयटीआयमध्ये कारपेंटरचा एक वर्षाचा कोर्स आहे, आठवी पास झालेल्यालाही चालतो. ज्याला शिकायचंय त्याने जरूर शिकावं, सरकारने जागा वाढवाव्यात. पण ते शिक्षण झालं. आगाऊ पैसे घेऊन पळणाऱ्याचा बंदोबस्त वेगळ्याच जागी करायला हवा.

आणि ती जागा म्हणजे अ‍ॅडव्हान्स. कॅलिफोर्नियातल्या सगळ्या नियमांतला मला सगळ्यात आवडलेला नियम परीक्षेचा नाहीच. घराच्या कामात आगाऊ रक्कम कराराच्या १० टक्के किंवा १,००० डॉलर, यातली जी कमी तेवढीच घेता येते. पुढचे पैसे जसं काम होईल, माल येईल तसे. हा एक नियम माझ्या बाबतीत असता तर १,७०,००० गेलेच नसते. आपल्याकडे प्लायवाला उधार देत नाही, म्हणून ही मर्यादा थोडी वाढवा, मालाचं बिल ग्राहकाने थेट दुकानात भरावं, काही करा. पण जो दुसऱ्याचे पैसे हातात घेऊन दुसऱ्या मजुरांकडून काम करवून घेतो, म्हणजे ठेका घेतो, त्याची कॉर्पोरेशनकडे नोंदणी हवी. खरा पत्ता, लेखी करार, अ‍ॅडव्हान्सला मर्यादा. स्वतःच्या हाताने रंधा मारून रोजावर जाणाऱ्याला यातलं काही नको.

ग्राहक आयोग आहेच की, असं कुणीतरी कॉमेंटमध्ये लिहिणार, म्हणून आधीच सांगते. आहे. २०१९ च्या कायद्याने तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे, ५ लाखांपर्यंतच्या कामाला फी नाही, आणि मी तक्रार केलेली आहे. माझ्याकडे कोटेशन आहे, व्हॉट्सअ‍ॅप आहे, बँकेची एंट्री आहे. समोरच्याचा पत्ता मात्र कार्डावरचा, तिथे आता मोबाइल कव्हरचं दुकान आहे.

गेल्या आठवड्यात सिंकखालचं काम नव्याने मिस्त्रीकाकांना दिलं. पोळलेली बाई, त्यामुळे वहीच्या पानावर करार लिहून काढला. प्लाय मी घेणार, शिक्का दोघांनी बघायचा, मजुरी इतकी, अ‍ॅडव्हान्स १० टक्के. काकांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि म्हणाले, ‘आटलुं तो लगनमां पण नथी लखता.’ एवढं तर लग्नातही लिहीत नाहीत! मग म्हणाले, एक ओळ माझीही घाला. काम संपल्यावर उरलेले पैसे आठ दिवसांत.

मी म्हटलं, काका, ते काय लिहायचं, ते देणारच ना!

त्यांनी सोसायटीतल्या तीन फ्लॅटचे नंबर सांगितले, ज्यांच्याकडे त्यांचे पैसे अडकलेत. त्यातले दोघे परवा ग्रुपवर लायसन्ससाठी सगळ्यात जोरात ओरडत होते. मी गुपचूप ती ओळ घातली. सही करता करता काका सहज म्हणाले, ‘तुमच्या बाबांच्या कपाटाचे शेवटचे दीडशे रुपये मला दिवाळीला मिळाले होते. कपाट दिलं होतं रामनवमीला.’