‘नळी नको, नुसती भूल द्या’ म्हणणाऱ्यांना

गोव्यात फोंड्यापासून पेडण्यापर्यंत सध्या एक मजकूर फिरतो आहे. माझ्याच नातेवाइकांच्या ग्रुपवर तो तीनदा आला. त्यात म्हटलंय: छोट्या ऑपरेशनला घशात नळी घालू देऊ नका, ती बिल वाढवायची युक्ती आहे, बोटावरचा ऑक्सिमीटर ९८ दाखवतोय तोवर काळजी नाही, उपाशी ठेवणं ही जुनी रूढी, आणि भूल देणारा डॉक्टर सुई टोचून मोकळा होतो. मी भूलतज्ज्ञ आहे. परवा पित्ताशयाच्या ऑपरेशनला आलेल्या एका आजोबांनी हाच मजकूर दाखवून नळीला नकार दिला, तेव्हा गप्प बसवेना.

छोटं ऑपरेशन म्हणजे छोटी भूल, हा यातला सगळ्यात घातक समज. पूर्ण भूल चढली की जीभ आणि घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट मिटू शकते; ती उघडी ठेवायला नळी. मग काप बोटभर असो की वीतभर. २००५ मध्ये इंग्लंडात एलेन ब्रोमिली ही धडधाकट बाई सायनसच्या साध्या, आधीच ठरलेल्या ऑपरेशनला गेली. भूल दिल्यावर मास्कने हवा जाईना, नळीही जाईना. अनुभवी डॉक्टर नळीचाच प्रयत्न करत राहिले. नर्सनं गळ्याला छेद द्यायचं सामान आणून ठेवलं होतं, ते तसंच राहिलं. तेरा दिवसांनी ती गेली. तिचा नवरा मार्टिन वैमानिक. त्यानं दोष कुणाच्या माथी मारला नाही; अडचणीच्या क्षणी थिएटरमधल्या धाकट्या माणसालाही बोलता आलं पाहिजे, हे तो डॉक्टरांना सांगत फिरला. आज नळीचे प्रयत्न मोजून करायचे आणि पुढची वाट आधीच ठरवून ठेवायची, हे आम्हाला शिकवलं जातं. नळी प्रत्येकाला लागतेच असं नाही. कधी घशात बसणारा मास्क पुरतो, कधी कमरेतलं इंजेक्शन. ते रुग्ण पाहून ठरतं, मोबाइल पाहून नव्हे.

आता ते ९८. भुलीआधी आम्ही काही मिनिटं मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन देतो. तो साठा फुप्फुसात असतो, त्यामुळे नळी चुकून अन्ननलिकेत गेली तरी ऑक्सिमीटर थोडा वेळ छान आकडा दाखवत राहतो. आकडा घसरायला लागतो तेव्हा हातातला वेळ निसटलेला असतो. ऑक्सिजन तुटला तर मेंदू चार-पाच मिनिटंच तग धरतो. कॅप्नोग्राफ मात्र उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजतो. पहिल्या काही श्वासांतच पडद्यावर लाट उठते. लाट नाही, तर नळी श्वासनलिकेत नाही, असंच धरायचं. रुग्णालयात विचारायचंच असेल तर ‘कॅप्नोग्राफ आहे का’ हे विचारा.

उपाशी राहण्याबद्दल थोडं खरं आहे. आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंबही नको, हे खरंच जुनं झालं. सर्वसाधारण रुग्णाला साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. पण पेज म्हणजे पाणी नव्हे! वाटीभर पेज, दुधाचा चहा, उंड्याचा, म्हणजे आपल्या गोव्यातल्या पावाचा, तुकडा, याला सहा तास हवेत. माझ्या एका रुग्णानं टेबलावर झोपल्यावर सांगितलं, ‘बाई, फक्त पेज घेतली.’ ऑपरेशन पुढे ढकललं, घरचे रागावले. ब्रिटनमध्ये २०११ साली श्वासमार्गाच्या अपघातांची देशव्यापी पाहणी प्रसिद्ध झाली. भुलीतल्या मृत्यूंचं त्यात सगळ्यात मोठं कारण होतं, पोटातलं वर येऊन फुप्फुसात शिरणं.

त्याच पाहणीतले साधारण एक तृतीयांश अपघात भूल उतरताना किंवा त्यानंतर घडले होते. सुई टोचून मोकळं होता येत नाही ते यामुळे.

त्या आजोबांचं तोंड, वर्षानुवर्षं सुपारी चघळून, जेमतेम दोन बोटं उघडत होतं. त्यांना आधी भूल देऊन मग वाट शोधणं धोक्याचं होतं. सगळं समजावलं, ते तयार झाले. नाक-घसा बधिर करून, ते जागे असतानाच, बारीक दुर्बिणीवरून नळी घातली. लाट दिसली, मग भूल दिली. दीड तासानं त्यांनी डोळे उघडले, सांगितल्यावर माझा हात घट्ट दाबला, तेव्हा नळी काढली. ते खोकले आणि मुलीचं नाव घेऊन हाक मारली. तोवर मी त्यांच्या उशाशीच उभी होते.