गोळ्यांना म्हणे ‘सुट्टी’ द्यायची असते!

गौरी यायच्या आठवडाभर आधी आमच्या सोसायटीच्या बायकांच्या ग्रुपवर एक मेसेज पडला. वर ‘मुलींच्या आयांनी नक्की वाचा’, खाली हात जोडलेले. कर्वे रस्त्यालगतच्या गल्लीत माझं मेडिकल आहे. पुढच्या काही महिन्यांत तोच मेसेज गिऱ्हाइकांनी मला काउंटरवर फोन पुढे करून दाखवला, म्हणून हे लिहायला बसले.

मेसेजचा सारांश असा. रोजच्या गर्भनिरोधक गोळ्या शरीरात साठत जातात, म्हणून दर सहा महिन्यांनी दोन महिने त्यांना सुट्टी द्या, नाहीतर गर्भाशय सुकतं आणि पुढे मूल होत नाही. स्ट्रिपमधल्या शेवटच्या सात रंगीत गोळ्या म्हणजे कंपन्यांची लूट, त्या फेका. अँटिबायोटिक घेतली की गोळी बाद. गोळीने कॅन्सर होतो, वजन वाढतं. आणि सणाला पाळी पुढे ढकलायला घेतो ती गोळीही याच जातीची, तेव्हा त्या दिवसांत वेगळी काळजी नको.

सुट्टीपासूनच सुरू करते, कारण महागात पडतो तो हाच सल्ला. हिंजवडीत शिफ्टमध्ये काम करणारी एक मुलगी दर महिन्याला माझ्याकडून स्ट्रिप न्यायची. मध्ये दोनेक महिने दिसली नाही. दिवाळीनंतर आली ती प्रेग्नन्सी टेस्टचं किट मागायला. “काकू, मी गोळी सोडली नव्हती हो. ब्रेक घेतला होता.” कोणी सांगितलं म्हणून विचारलं, तर तिने फोन काढला. तेच हात जोडलेले.

गोळी साठत असती तर रोज घ्यावी कशाला लागली असती? माला-डी या रोजच्या गोळीच्या स्ट्रिपमधल्या एका पांढऱ्या गोळीत ०.०३ मिलिग्रॅम एथिनिल एस्ट्राडायॉल (म्हणजे इस्ट्रोजेन) आणि ०.१५ मिलिग्रॅम लिव्होनॉरजेस्ट्रेल हे दुसरं हार्मोन असतं. शरीर ते मोडून बाहेर टाकतं, म्हणून तर दोन-तीन दिवस विसरलं की संरक्षण ढासळतं. गोळी थांबवल्यावर बहुतेकींची पाळी एक ते तीन महिन्यांत मार्गी लागते, आणि वर्षभरात दिवस राहण्याचं प्रमाण इतर बायकांइतकंच असतं. कित्येक वर्षं घेतली तरीही. ज्यांची पाळी गोळीआधी अनियमित होती, त्यांची बंद केल्यावर पुन्हा तशीच होते, आणि खापर गोळीवर फुटतं.

सुट्टीचा आणखी एक तोटा आहे. या गोळ्यांचा खरा, दुर्मीळ पण गंभीर धोका म्हणजे शिरेत रक्ताची गुठळी. दहा हजार बायकांमध्ये वर्षाला गोळी न घेणाऱ्या आणि गरोदर नसलेल्यांत १ ते ५ जणींना ती होते, घेणाऱ्यांत ३ ते ९ जणींना. गरोदरपणात हाच आकडा ५ ते २० आहे आणि बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत ४० ते ६५. गोळीमुळे वाढणारा हा धोका पहिल्या काही महिन्यांत सर्वांत जास्त असतो, आणि महिनाभर किंवा जास्त थांबून पुन्हा सुरू केलं की तो पहिल्यासारखा वर येतो. म्हणजे आराम मिळावा म्हणून घेतलेली सुट्टी दर वेळी धोक्याच्या पायरीवर नव्याने उभं करते. (१९६० मध्ये अमेरिकेत पहिली गोळी आली तेव्हा तिच्यात इस्ट्रोजेन आजच्या कितीतरी पट होतं. भीतीचा बराचसा ऐवज त्या काळातला आहे.)

आता रंगीत गोळ्या. यात मेसेज अर्धा बरोबर आहे. त्यात हार्मोन नसतं, लोह असतं. त्या न घेतल्याने दिवस राहत नाहीत. पण त्या ठेवल्यात हात रोज स्ट्रिपकडे जावा म्हणून. फेकल्या, की नवी स्ट्रिप ‘सोमवारी आणते’ म्हणता म्हणता आठवा, नववा दिवस उजाडतो. हार्मोनच्या गोळ्यांत सात दिवसांचं अंतर चालतं, त्याहून जास्त झालं की बीजकोश (ओव्हरी) जागे होऊ लागतात. बायकांना वाटतं, महिन्याच्या मधोमध विसरलं की घात. सगळ्यात वाईट विसरणं असतं ते स्ट्रिपच्या सुरुवातीचं आणि पांढऱ्या गोळ्यांच्या शेवटाचं, कारण त्याने ती सात दिवसांची फट रुंदावते.

एक पांढरी चुकली तर आठवेल तेव्हा घ्या, मग त्या दिवशी दोन झाल्या तरी हरकत नाही. दोन किंवा जास्त चुकल्या तर शेवटची चुकलेली लगेच घ्या, आधीच्या सोडून द्या, आणि सलग सात गोळ्या होईपर्यंत कंडोम वापरा. हे तिसऱ्या आठवड्यात झालं तर रंगीत गोळ्या गाळून थेट नवी स्ट्रिप सुरू करा. पहिल्या आठवड्यात झालं आणि त्या दिवसांत संबंध आला असेल, तर इमर्जन्सी गोळीबद्दल त्याच दिवशी विचारा. गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली तर आणखी एक घ्या. शिफ्ट बदलणाऱ्यांनी मोबाइलचा गजर जेवणाच्या वेळेला बांधू नये, कारण ती वेळच सरकत राहते.

अँटिबायोटिकचं म्हणाल तर सर्दी-खोकल्याला, दाताला मिळणाऱ्या नेहमीच्या गोळ्यांनी काही बिघडत नाही. बिघडतं ते टीबीच्या रिफाम्पिसिनने, आणि फिट्सच्या फेनिटॉइन, कार्बामाझेपिनसारख्या औषधांनी. ती चालू असतील तर डॉक्टरांशी बोलून दुसरं साधन घ्यावं.

कॅन्सरचा हिशोब दोन्हीकडचा आहे. बीजकोशाच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका गोळीने कमी होतो, आणि हा फायदा ती थांबवल्यावरही बरीच वर्षं टिकतो. स्तनाच्या कॅन्सरचा धोका घेत असताना किंचित वाढतो आणि बंद केल्यावर हळूहळू ओसरतो. गर्भाशयमुखाचाही पाच वर्षांहून जास्त वापराने थोडा वाढतो, म्हणून तपासणी चुकवू नये. वजनावर मोठा परिणाम अभ्यासांत दिसलेला नाही.

सणाची गोळी मात्र वेगळीच. ती असते नॉरएथिस्टेरॉन, पाळीच्या तीन दिवस आधीपासून दिवसाला तीनदा घ्यायची. तशी घेतली तर तिच्यावर गर्भनिरोधक म्हणून विसंबता येत नाही. आणि ज्या रोजची गोळी घेतात त्यांना ती लागतच नाही: रंगीत सात गाळून पुढची स्ट्रिप लगेच सुरू केली की पाळी पुढे जाते. गौरींच्या आठवड्यात दोन्ही एकदम मागणाऱ्या बायका येतात, तेव्हा मी हेच सांगते आणि माझीच विक्री घालवते.

एवढा मोठा मेसेज, पण गोळी कोणी घेऊ नये हे त्यात कुठेच नाही. डोकं दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा येतात त्यांनी नाही. पस्तिशीपुढच्या सिगारेट ओढणाऱ्यांनी नाही. बीपी वाढलेलं असेल, पूर्वी गुठळी, पक्षाघात, हृदयविकार किंवा स्तनाचा कॅन्सर झाला असेल, यकृताचा मोठा आजार असेल, तर नाही. अंगावर पाजणाऱ्यांनी बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत दुसरं साधन पाहावं. आणि घेत असताना एका पोटरीला सूज येऊन ती दुखली, छातीत कळ आली, धाप लागली, एकाएकी दिसेनासं झालं किंवा डोकं कधी नव्हे इतकं ठणकलं, तर गोळी थांबवून सरळ दवाखाना गाठायचा.

बीपी मोजल्याशिवाय स्ट्रिप हातात देणाऱ्यांत मीही होते. त्या मुलीची टेस्ट निगेटिव्ह आली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा स्ट्रिप मागायला आली, तेव्हा मी ड्रॉवरमधलं मशीन काढून तिला स्टुलावर बसवलं. ११८/७६. “पाळीच्या पहिल्या पाच दिवसांत सुरू केलीस तर लगेच लागू, नाहीतर सात दिवस कंडोम,” असं स्ट्रिपच्या मागे पेनाने लिहून दिलं. तिने त्याचा फोटो काढला आणि त्याच ग्रुपवर टाकला.