बॅटरीचं बाळंतपण

सह्याद्रीत ॲक्शन कॅमेरा, म्हणजे छातीला-मनगटाला बांधायचा तो छोटा कॅमेरा, वापरणारा माणूस किती सुखी असतो हे त्याला हिमालयात गेल्याशिवाय कळत नाही. हरिश्चंद्रगडावर डिसेंबरात आपण कितीही कुडकुडलो तरी कॅमेऱ्याला ढिम्म काही होत नाही, उलट मे महिन्यात एखाद्या घाटवाटेवर फोर-केमध्ये शूटिंग लावलं तर तोच तापतो आणि स्क्रीनवर थर्मामीटरचं चित्र दाखवून आपणहून बंद पडतो. म्हणजे आपली त्याची ओळख सगळी उन्हाळ्यातली. थंडीत तो कसा वागतो हे बघायला मग आपण पैसे भरून उत्तराखंडात जातो, डेहराडूनवरून दिवसभर वळणं खात, मधे कुणीतरी ओकत, सांक्री नावाच्या गावात पोचतो आणि दुसऱ्या दिवशी केदारकंठा शिखराच्या वाटेला लागतो. डिसेंबर-जानेवारीत निम्मा महाराष्ट्र तिथेच असतो. कॅम्पवर नुसतं "ए, चकलीचा डबा कुणाकडे आहे?" असं ओरडा, चार तंबूंमधून डोकी बाहेर येतात.

माझा कॅमेरा कुठल्या कंपनीचा ते सांगत नाही. एकतर सगळ्याच ॲक्शन कॅमेऱ्यांना आपल्याकडे गोप्रोच म्हणतात, जसं सगळ्या फोटोकॉपीला झेरॉक्स. आणि मूळ गोप्रोचा इतिहास बघितला तर ह्या सगळ्या जातीबद्दलच थोडी सहानुभूती वाटायला लागते. निक वुडमन नावाचा सर्फिंगवेडा माणूस ऑस्ट्रेलिया-इंडोनेशियात लाटांवर खेळायला गेला, तिथे त्याला मनगटाला कॅमेरा बांधायची कल्पना सुचली, २००२ मध्ये कंपनी काढली, २००४ मध्ये पहिला कॅमेरा आला आणि तोसुद्धा रोलवाला, ३५ एमएमचा. थोडक्यात काय, घराण्याचा मूळपुरुषच गरम पाण्यातला. त्याच्या वंशजांना आपण रात्री तीन वाजता बर्फात उभं करतो आणि वर म्हणतो, चालत का नाही?

बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकात मायनस दहापर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं, काही जण मायनस वीसचाही दावा करतात. हे खोटं नसतं. फक्त हे वाचताना आपण वीस-बावीस डिग्रीच्या हॉलमध्ये सोफ्यावर असतो आणि "मायनस दहा" हा आकडा आपल्याला तसा प्रेमळ वाटतो. शिवाय "चालेल" आणि "किती वेळ चालेल" हे दोन वेगळे प्रश्न आहेत हे तिथे कोण सांगणार.

तर होतं काय, की ह्या कॅमेऱ्यात लिथियम-आयन बॅटरी असते, तिच्या आत एक द्रव असतो आणि त्यातून लिथियमचे आयन इकडून तिकडे जातात म्हणून करंट मिळतो. थंडीत तो द्रव घट्ट व्हायला लागतो, आयनांची चाल मंदावते, आतला विरोध वाढतो, आणि कॅमेऱ्याने रेकॉर्डिंगसाठी जोरात करंट मागितला की व्होल्टेज धाडकन खाली येतं. कॅमेऱ्याला वाटतं बॅटरी संपली. ती संपलेली नसते, आत माल सगळा शिल्लक असतो, फक्त बाहेर येत नसतो. म्हणून स्क्रीनवर त्रेसष्ट टक्के दिसत असतात आणि पुढच्या क्षणी काळोख. ते त्रेसष्ट टक्के बघून आपण ज्या विश्वासाने काठी रोवून पोज घेतलेली असते ना, ती पोज मग तशीच हळूहळू सोडावी लागते, आजूबाजूचे बघत असतात.

आणि गंमत अशी की तीच बॅटरी काढून खिशात ठेवा, अर्ध्या तासाने घाला, परत पन्नास टक्के. हे एकदा कळलं की माणसाचं ट्रेकिंग संपतं आणि बॅटरीचं बाळंतपण सुरू होतं.

आमच्याकडे ते फार व्यवस्थित झालं. बायकोने माझ्या थर्मलला आतून, पोटाशी, एक खिसा शिवून दिला. त्यात बॅटऱ्या, प्रत्येक बॅटरी एकेका लोकरी मोज्यात, मोजे बाळाचे, भाचीचे जुने, त्यावर बदकं. वारा लागू द्यायचा नाही, गार हात लावायचा नाही, रात्री जवळ घेऊन झोपायचं, सकाळी बाहेर काढताना घाई करायची नाही. लोक चढावर थांबून पाणी प्यायचे, मी थांबून पोटात हात घालायचो. वापरलेली गार बॅटरी परत आत ठेवताना ती मोज्यातून निसटून थेट बेंबीला लागली तेव्हा माझ्या तोंडून जो आवाज निघाला त्याने ट्रेक लीडर पळत आला, त्याला वाटलं कुणी घसरलं.

स्लीपिंग बॅगमधली परिस्थिती तर सांगायलाच नको. बॅटऱ्या आत, पॉवर बँक आत, फोन आत, उद्याचे मोजे आत, गरम पाण्याची बाटली आत, आणि उरलेल्या जागेत मी. कूस बदलायची तर आधी सगळ्यांची मोजदाद. माझ्या तंबूत डोंबिवलीचे एक काका होते, रिटायर्ड, रसायनशास्त्राचे मास्तर, ते रात्री अंधारातून म्हणाले, "चार्जिंगला लावली नाहीयेस ना रे बॅटरी? शून्याच्या खाली चार्ज केलीस तर लिथियमचा थर बसतो आत, मग ती कायमची गेली." मी म्हटलं नाही काका, पोटाशी आहे. "मग ठीक." आणि दोन मिनिटांत घोरायला लागले. मी हँड वॉर्मरची पाकिटं पण नेली होती, ती हलवली की गरम होतात ती. काकांनी सकाळी एक पाकीट हातात घेऊन शांतपणे सांगितलं, "आत लोखंडाची पूड आहे. हवा लागली की गंजते, गंजताना उष्णता. तू पैसे देऊन गंज आणलायस." वर हेही सांगितलं की बंद खिशात हवा मिळत नाही म्हणून ते धड गरमही होणार नाही. शाळेत असे मास्तर मिळाले असते तर मी सायन्सला गेलो नसतो.

कॅमेऱ्याचं मात्र ह्याच्या अगदी उलट शास्त्र. बॅटरी उबेत हवी, पण कॅमेरा गारच राहायला हवा, कारण गार कॅमेरा गरम तंबूत आणला की दव जमतं तसं काचेवर पाणी जमतं, आणि ते नुसतं बाहेरून नाही, आतूनही. आतलं पुसणार कसं? त्याला उपाय असा की बॅटरी काढून घ्यायची, कॅमेरा बाहेरच झिपलॉकच्या पिशवीत हवा काढून बंद करायचा आणि आत आणलाच तरी पिशवी लगेच उघडायची नाही. हे मला पाठ होतं. पण वाटेत मॅगीची टपरी लागते, आत शिरल्यावर समोर वाफाळणारं पातेलं, आणि "मॅगीचा शॉट" घेतल्याशिवाय हिमालयात गेल्याचं कुणी मानत नाही. त्या शॉटमध्ये आता पांढरं धुकं आहे आणि धुक्यातून आवाज येतो, "दो मॅगी, एक में मिर्ची कम."

आता हातमोजे. आत लायनर, त्यावर फ्लीस, वर वॉटरप्रूफ. ह्या तीन थरांतून आपलं बोट कॅमेऱ्याच्या टचस्क्रीनला कळत नाही, त्याला कातडीच लागते. कॅमेऱ्याचं बटण असतं सुपारीएवढं आणि हातमोज्यातलं बोट असतं केळ्याएवढं, त्यामुळे दाबलं की नाही दाबलं हे दोघांनाही समजत नाही. बोलून चालू करायची सोय असते, पण ती इंग्रजी हुकमाची, आणि थंडीने ओठ बधिर झाल्यावर माझ्या तोंडून जे इंग्रजी येत होतं ते कुठल्याच देशाचं नव्हतं. मी घसा फोडून ओरडलो तर माझा कॅमेरा गप्प आणि पलीकडच्या बंगळुरूवाल्याचा टुंग करून चालू. त्याने मला थँक्यू म्हटलं.

मग राहतं नाक. हसू नका, बर्फात नाकाने स्क्रीन चालवणारे खूप जण असतात, फक्त घरी आल्यावर सांगत नाहीत. नाक उघडं असतं, कातडीचं असतं आणि डोळ्यांच्या जवळ असल्यामुळे नेम बरा लागेल असं वाटतं. तो लागत नाही, कारण नाक स्क्रीनला टेकल्यावर डोळ्यांना स्क्रीन दिसतच नाही. त्यात माझ्या नाकावर सनस्क्रीनचा थर आणि त्यावर व्हॅसलीन.

समिटच्या दिवशी रात्री तीनला निघालो. हेडलॅम्पची रांग, बुटांना बर्फात रुतणारे खिळे म्हणजे मायक्रोस्पाइक, बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर गेटर, छातीवर पट्ट्यांनी आवळलेला कॅमेरा आणि चार थरांखाली सगळ्या मोज्यातल्या बॅटऱ्या. ट्रेक लीडर तिथलाच, विशीतला पोरगा, नुसत्या एका जॅकेटवर, दर वळणाला एकच वाक्य, "सर जी, कॅमरा बाद में, पहले पैर." शेवटचा चढ इतका खडा आहे की माणूस पुढे वाकूनच चालतो, त्यामुळे छातीवरचा कॅमेराही वाकतो आणि त्याला जगात फक्त माझे बूट दिसतात. वर पोचलो तेव्हा उजाडत होतं. १२,५०० फूट, दगडांचा ढीग, त्यात त्रिशूळ, आणि समोर स्वर्गारोहिणी, बंदरपूंछ, काळानाग एकामागोमाग एक गुलाबी होत चाललेले. मी वळून लोकांकडे पाठ केली, पोटातून ऊबदार बॅटरी काढली, घातली, नाक टेकवलं, लाल दिवा लुकलुकला, आणि मग चांगली वीस मिनिटं हात उंच धरून सावकाश, न हलवता, गोल फिरत सगळी शिखरं घेतली. तोंडाने माहितीही सांगितली. काकांनी मागून पौराणिक भर घातली, पांडव कुठल्या बाजूने गेले असतील वगैरे.

नाकाने टाइमलॅप्स लावला होता. सेकंदाला एक फोटो, वीस मिनिटांचे बाराशे, ते तीसच्या वेगाने पळवले की चाळीस सेकंद. आवाज नाही. त्या चाळीस सेकंदांत सूर्य उगवतो, हिमालय भिंगरीसारखा फिरतो आणि मधेमधे काकांचं तोंड उघडमिट होतं. त्याआधीचा जो व्हिडिओ आवाजासकट आहे, तो चढावरचा, बुटांचा. मोठ्या टीव्हीवर लावला तेव्हा आई किती तरी वेळ लक्ष देऊन बघत होती, मग म्हणाली, "हे घोरतंय कोण?" म्हटलं आई, तो माझा श्वास आहे. तर ती सरळ उठून डॉक्टरांची अपॉइंटमेंट घ्यायला गेली.

हल्ली थंडीसाठी म्हणून खास बॅटऱ्या मिळतात, मी घेतल्याही, बऱ्याच बऱ्या आहेत. पण त्यांनाही मोजे घालतो.

ह्या जानेवारीत भाचा लडाखला चादर ट्रेकला निघाला, झंस्कार नदी गोठते तो, रात्री मायनस वीस-पंचवीस अगदी सहज. कॅमेरा मागायला आला. मी कॅमेरा दिला, बॅटऱ्या दिल्या, झिपलॉक दिली, आणि बदकांचे मोजे पुढे केले तर "ई मामा, काहीतरीच काय" म्हणून ते टेबलावर टाकून गेला, वर "तुमच्या जनरेशनला ना सगळ्याचं टेन्शन" हेही ऐकवलं. चार दिवसांनी लेहवरून सकाळी सहाला फोन. आवाज बारीक.

"मामा, अरे बॅटरी फुल होती, नुसती बाहेर काढली तर डायरेक्ट बंदच."

म्हटलं, पोटाला लाव.