लिलावातलं घर ‘निम्म्या किमतीत, बिनघोर’?

सध्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात व्हॉट्सअॅपवर एक मजकूर फिरतोय: ‘बँकेने जप्त केलेलं घर लिलावात घ्या. निम्म्या किमतीत मिळतं, कागद बँकेने तपासलेले असतात, पैसे भरले की चावी हातात, आणि पैशांसाठी कर्ज मिळतंच.’ पहिलं घर घेणाऱ्याला हे गोड लागणारच. एकेक वाक्य सुटं करून बघू.

‘निम्म्या किमतीत.’ जाहिरातीत छापलेली असते ती राखीव किंमत. बोली तिथून सुरू होते, तिथे संपत नाही. लिलाव फसला की पुढच्या वेळी राखीव किंमत सहसा उतरते. दोन-तीनदा फसलेलं घर स्वस्त दिसतं खरं, पण आधी बघून गेलेल्यांनी पाठ का फिरवली ते शोधा.

‘कागद तपासलेले.’ तपासले असतील, पण कर्ज देण्यापुरते, आणि तेही काही वर्षांपूर्वी. विकताना बँक ‘जसे आहे, जिथे आहे’ या अटीवर विकते. पुढे काही निघालं तर निस्तरायचं तुम्हीच. आपल्याकडे खरी गोम सात-बाऱ्यावर असते: सामाईक नावं, इतर हक्कांत कुळाची नोंद, न झालेली वाटणी. चार भावांच्या घरातला एकाचाच अविभक्त हिस्सा तारण असेल, तर घेणाऱ्याच्या हाती तेवढाच हिस्सा येतो. कुटुंबाच्या राहत्या घरात त्रयस्थाला एकत्र ताबा मागता येत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 44 तसंच सांगतं. मग वाटणीचा दावा लावा आणि तारखा मोजा. विहिरीचा वाटा आणि वहिवाटीची पाणंदही त्याच गुंत्यात.

दुसरी गोष्ट, बँका ज्याखाली थकलेल्या कर्जाचं तारण जप्त करून विकतात, तो सरफेसी कायदा (2002) शेतजमिनीला लागू नाही, कलम 31. घर पक्कं पण खालची जमीन शेतीचीच, असं कोकणात सर्रास आहे. गावठाणाबाहेरचं घर असेल तर बिनशेती आदेश मागा. तो नसेल तर कर्जदार लिलावालाच आव्हान देऊ शकतो. तुमच्या वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट (जुन्या व्यवहारांच्या नोंदींचा शोध) वेगळा काढून घ्या.

‘पैसे भरले की चावी.’ नोटिशीत ‘ताबा’च्या आधीचा शब्द वाचा. ‘सांकेतिक ताबा’ म्हणजे दारावर कागद चिकटवलाय, आत माणसं राहताहेत. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँकेला याच कायद्याच्या कलम 14 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जावं लागतं. कायद्यात त्यांना 30 दिवस दिलेत, वाढवून 60. व्यवहारात किती लागतात ते तालुक्यातल्या कुठल्याही वकिलाला विचारा. शिवाय बँकेच्या कारवाईविरुद्ध कर्जदार 45 दिवसांत डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) जाऊ शकतो. पहिल्या घरासाठी ‘प्रत्यक्ष ताबा’ लिहिलेल्याच मालमत्ता बघाव्यात, असं आमचं स्पष्ट मत.

‘कर्ज मिळतंच.’ इथे माणूस बुडतो. समजा राखीव किंमत 20 लाख. अनामत बहुधा 10 टक्के, म्हणजे 2 लाख. बोली 22 लाखांवर थांबली. त्याच दिवशी, फार तर पुढच्या कामाच्या दिवशी, 25 टक्के पुरे करायचे: 5.5 लाख, म्हणजे आणखी 3.5 लाख रोख तयार हवेत. उरलेले 16.5 लाख विक्री मंजूर झाल्यापासून 15 दिवसांत. मुदत लेखी वाढवून मिळू शकते, जास्तीत जास्त तीन महिने. चुकलात तर भरलेले 5.5 लाख जप्त, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये अशी पूर्ण जप्ती योग्य ठरवली आहे. म्हणून बोलीआधीच त्या मालमत्तेवर कर्जाची लेखी मंजुरी घ्या. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी (1 टक्का, कमाल 30,000 रुपये) वेगळी धरा.

मजकुरात नसलेली गोष्ट म्हणजे घराची हालत. दोन पावसाळे बंद राहिलेलं घर पाहणीच्या दिवशी दुपारी छान दिसतं. स्लॅबखाली काठीने ठोका. पोकळ आवाज आला, किंवा छताला सळईच्या रेषेत तांबूस डाग दिसले, तर खाऱ्या हवेने लोखंड फुगलंय. कौलारू असेल तर वासे भिंतीवर टेकतात तिथे सुरी टोचून बघा, वाळवी आधी तिथेच शिरते. चौकटीवरच्या मातीच्या नळ्या रंग देऊन लपवलेल्या असू शकतात.

निघताना मीटरवरचा ग्राहक क्रमांक लिहून घ्या. जुनी वीजबाकी लिलावात घेणाऱ्याकडूनही मागितली जाऊ शकते. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलंय. घरपट्टीची बाकी ग्रामपंचायतीत आणि फ्लॅट असेल तर सोसायटीची थकबाकी लेखी विचारा, आणि हे सगळे आकडे बोलीच्या रकमेतून आधीच वजा करा.