घर बघून घेतली, गाडी बघायची राहिली

बेंगळुरूहून सेकंड हँड कॅम्पर व्हॅन चालवत कोल्हापूरला आणली, त्याला आज आठ दिवस झाले. फोटो टाकल्यापासून सगळे आतल्या बेडबद्दल, सिंकबद्दल, छतावरच्या सोलर पॅनलबद्दल विचारतायत. घेताना मीही हेच बघितलं होतं, म्हणून हे लिहितेय.

२०१६ ची टेम्पो ट्रॅव्हलर, आत नंतर बांधलेलं घर. आरसीवर कॅम्पर व्हॅन अशी रीतसर नोंद आहे, तेवढं मी नीट तपासलं होतं. नोंद न करता केलेले बदल पुढे विम्याच्या क्लेमला नडतात. गाडी दोन वर्षं पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी होती. मी दीड तास आत होते. ड्रॉवर उघडले, पाण्याचा पंप चालवला, बेड पाडून त्यावर झोपून बघितलं. बाहेर फार तर पाच मिनिटं.

गाडी आणायला आप्पा आले. एसटीत ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेत, आंबा घाटात आयुष्य गेलंय. येताक्षणी विचारलं, "टायर कधीचं हाईत?" मी म्हटलं, "आप्पा, नक्षी बघा ना, नव्यासारखी आहे." माझ्या शब्दावर ते विसंबले. हे मला अजून बोचतं.

(लायसनचं विचारणाऱ्यांसाठी: माझं साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाचं आहे, ते ७५०० किलोंपर्यंत चालतं. ही गाडी त्याच्या खूप खाली आहे.)

पहिल्या दिवशी वेग ६०-६५. मी हौसेने १०० लिटरची टाकी काठोकाठ भरली होती, म्हणजे १०० किलो वजन. तुमकूरपर्यंत वापरून ती अर्धी झाली आणि ब्रेक मारला की पाणी पुढे आदळायचं, गाडी ढकलल्यासारखी जायची. आप्पांनी पाणी सोडून टाकायला लावलं. "एकतर भरलेली, न्हाईतर रिकामी." चित्रदुर्गजवळ डोंगरांवर पवनचक्क्या दिसतात, तिथला वारा उंच गाडीला बाजूने असा दाबतो की स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावं लागतं. दर थांब्याला आप्पा उतरून चारही चाकांच्या हबला, म्हणजे मधल्या भागाला, उलटा हात लावायचे. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा गरम लागलं तर तिथला ब्रेक धरतोय, असं त्यांनी मला शिकवलं. मुक्काम दावणगेऱ्याला, पेट्रोल पंपावर विचारून.

दुसऱ्या दिवशी राणेबेन्नूर सोडलं आणि स्टिअरिंगमध्ये थरथर सुरू झाली. आधी वाटलं रस्ता. आप्पा म्हणाले, "बाजूला घे. आत्ता." पुढच्या डाव्या टायरच्या आतल्या बाजूला आवळ्याएवढा फुगा आला होता. आप्पांनी रुमालाने टायर पुसला आणि लंबगोलात कोरलेले चार आकडे दाखवले: २६१६. म्हणजे २०१६ चा २६वा आठवडा. गाडीबरोबर आलेलेच टायर! नक्षी शाबूत, कारण गाडी फारशी फिरलीच नव्हती, पण रबर मात्र आतून म्हातारं झालेलं. नखाने दाबलं की बाजूच्या भिंतीवर केसासारख्या चिरा उघडत होत्या. स्टेपनी काढली, तर तिच्यावरही तेच साल. रस्त्याला कधी न लागलेली, तरी तेवढीच जुनी.

आप्पा मला एक शब्द बोलले नाहीत. जॅक लावला, स्टेपनी चढवली, हावेरीपर्यंत ४० च्या वर जाऊ दिलं नाही. तिथे पुढचे दोन टायर घेतले, हुबळीत मागचे. तो सगळा वेळ माझ्या डोक्यात एकच होतं: आदल्या दिवशी मी ८० ने चालवली असती तर?

जाहिरातींत लाइटच्या माळा असतात, उशा असतात, खिडकीबाहेर समुद्र असतो. टायरची तारीख नसते, आणि आपणही मागत नाही. अशी गाडी बघायला जाल तेव्हा आधी खाली बसा. ते चार आकडे वाचा, स्टेपनीचेसुद्धा. मग बेड बघा. आणि शक्य असेल तर घरी स्वतः चालवत आणा, सावकाश, दोन दिवस घालवून. त्या ६०० किलोमीटरमध्ये मला जे कळलं ते पार्किंगमधल्या दीड तासात कळणं शक्य नव्हतं. निघताना आतल्या गॅस सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करायचा असतो, हेसुद्धा आप्पांनीच केलं.

कागदांचं थोडक्यात: कर्नाटकातून एनओसी घेतलीय. १२ महिन्यांच्या वर गाडी इथे ठेवायची तर महाराष्ट्राचा नंबर लागतो. विमा नावावर करायचा अर्ज १४ दिवसांच्या आत द्या, माझा परवाच दिला.

बेळगाव गेलं, निपाणी गेली, कागल आलं तेव्हा अंधार पडला होता. दारात आई भाकरतुकडा घेऊन उभी. ओवाळायला पुढे झाली आणि थांबली, कारण आप्पा अजून गाडीभोवतीच होते, एकेका चाकाला उलटा हात लावत.